मुंबईची उपनगरे : पाहुण्यांसाठी आणि यजमानांसाठी

मुंबई शहर माहीम आणि शीव येथे संपते व तेथून पुढे उपनगर लागते. सरकारी दप्तरात 1 ऑक्टोबर 1990 रोजी मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा झाला. सामान्य माणसाला मात्र ही सीमा रिक्षावरून कळते. शहरात रिक्षाला मज्जाव असल्याने जिथे पहिली रिक्षा दिसते ते उपनगर, आणि जिथे रिक्षावाला तोंड न उघडता नुसती मान हलवून भाडे नाकारतो ते भरवस्तीतले उपनगर. महापालिकेची हद्द 1950 आणि 1957 अशा दोन टप्प्यांत वाढत दहिसर-मुलुंडपर्यंत गेली आणि थांबली. लोकल थांबली नाही. ती विरार-डहाणू, कसारा, कर्जत, खोपोली, पनवेलपर्यंत जाते, आणि या सगळ्या टापूत राहणारा माणूस गावच्या जत्रेला गेला की "मुंबईला असतो" असेच सांगतो. प्रस्तुत वर्णनात त्याचा शब्द प्रमाण मानला आहे.

पाहुणा मुंबई बघायला आला की त्याला गेटवे, राणीची बाग आणि मरीन ड्राइव्ह दाखवण्याची रीत आहे. यांपैकी गेटवे 1924 मध्ये पुरा झाला. उपनगरांत मात्र दीड-दोन हजार वर्षांची लेणी, पोर्तुगिजांचे किल्ले आणि माणसाच्या जन्माआधीचा एक डोंगर राहत्या इमारतींना खेटून उभा आहे. तरीही ते कोणी पाहत नाही, याचे कारण साधे आहे. उपनगरवासी सकाळी शहराकडे तोंड करून पळतो आणि रात्री जेवून झोपण्यापुरता परत येतो. आपल्या घरामागे काय आहे हे कळायला त्याच्याकडे पाहुणा यावा लागतो. त्यामुळे येथील पर्यटकांचे दोनच प्रकार पडतात. पहिला पाहुणा, त्याला काही माहीत नसते. दुसरा यजमान, त्यालाही काही माहीत नसते. पण ते पाहुण्याला कळू द्यायचे नसते.

प्रवासाचे मुख्य साधन लोकल. अंतर किलोमीटरमध्ये सांगण्याची पद्धत नाही. ‘फास्टने पाऊण तास’ एवढे पुरते. स्लोने गेल्यास तेच अंतर वाढते. कोणत्याही पत्त्याचा पहिला शब्द ईस्ट किंवा वेस्ट हा असतो, आणि चुकीच्या बाजूला उतरलेल्या पाहुण्याला पूल चढून पलीकडे जावे लागते. पुलावर उलट बाजूने येणारा जमाव हाही त्याच चुकीचा बळी असावा, असे त्याला वाटत राहते. तीन जणांच्या बाकावर चौथी सीट असते; तिच्यावर अर्धा माणूस बसतो व उरलेला अर्धा उभा राहतो. बसलेल्याला "कुठे?" असे विचारले जाते. हा जिव्हाळ्याचा प्रश्न नसून जागेचे आरक्षण आहे. बोरिवलीला उतरणाऱ्याने विरार गाडीत चढू नये; चढल्यास त्याला आतल्या मंडळींकडून वर्तनविषयक सूचना मिळतात व उतरायला विरार मिळते. रविवारी दुरुस्तीसाठी रूळ बंद ठेवतात. मध्य रेल्वेवर त्याला मेगाब्लॉक म्हणतात, पश्चिम रेल्वेवर जम्बो ब्लॉक. परिणाम दोन्हींचा एकच.

पश्चिम मार्गावर पहिले लागते बांद्रा. येथील टेकडीवरच्या मोतमावलीच्या चर्चची सध्याची इमारत 1904 ची असून सप्टेंबरात आठवडाभर जत्रा भरते. जत्रेला सर्व धर्मांची माणसे येतात, कारण दुखणी आणि घराची अडचण सर्व धर्मांत आहे. वाटेवरच्या स्टॉलवर मेणाच्या वस्तू ओळीने मांडलेल्या असतात: हात, पाय, हृदय, तान्हे बाळ, विमान, घर. ज्याचा गुडघा दुखतो तो पाय घेतो, ज्याला परदेशी जायचे तो विमान घेतो. सर्वांत जास्त वेळ लोक घरापाशी रेंगाळतात. पांढरे, बोटभर उंचीचे, उतरत्या छपराचे हे घर हातात घेऊन उलटसुलट पाहिले जाते. त्याला कार्पेट एरिया नसतो, पार्किंग नसते, सोसायटीचा मेंटेनन्स नसतो. सामान्य पगारात बांद्र्यात विकत घेता येणारे हे एकमेव घर आहे.

टेकडीखाली समुद्राला लागून पोर्तुगिजांनी 1640 मध्ये बांधलेला किल्ला आहे. समुद्रावर पाळत ठेवण्यासाठी तो बांधला. आता तेथे प्रेमिकांच्या जोड्या असतात, त्यामुळे पाळत ठेवण्याचे काम पाहुण्यांबरोबर आलेल्या मावशी करतात. किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर शाहरुख खानचा ‘मन्नत’ बंगला आहे. तेथे बंगल्याच्या फाटकाकडे पाठ करून फाटकाचाच फोटो काढण्याची प्रथा आहे. किल्ल्यापेक्षा फाटकाला गर्दी जास्त असते.

अंधेरीचे वैशिष्ट्य असे की तेथे सगळे जण जातात, पण अंधेरी पाहायला कोणी जात नाही. वेस्टला भवन्स कॉलेजच्या मागे गिल्बर्ट हिल नावाचा सुमारे 60 मीटर उंचीचा काळा सुळका आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे उभे खांब एकमेकांना चिकटून तो बनला. एकेकाळी तो बराच रुंद होता. आजूबाजूचा दगड खाणवाल्यांनी नेला. एवढी पुरातन वस्तू रस्त्यावरून सहसा दिसत नाही, कारण मध्ये इमारती आहेत. ‘गिल्बर्ट हिल’ म्हटल्यावर रिक्षावाला बरोबर आणून सोडतो, तरी पाहुणा "डोंगर कुठे आहे?" असे विचारत दोन गल्ल्या हिंडतो व अखेर मान वर करतो. पायऱ्या चढून गेल्यावर माथ्यावर गावदेवीचे देऊळ, थोडी झाडे आणि भरपूर वारा आहे. वरून चहूकडे अंधेरी दिसते. ती पाहून खाली उतरण्याची घाई कोणालाही होत नाही.

ईस्टला महाकाली लेणी आहेत. बौद्ध भिक्षूंनी कोरलेल्या या एकोणीस लेण्यांतील सर्वांत जुनी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. एका लेण्यात स्तूपाभोवती गोल दालन असून त्याच्या भिंतीला दगडी जाळ्या आहेत. महाकाली केव्हज रोडवर हजारो लोक रोज नोकरीला येतात. त्यांच्या दृष्टीने ‘केव्हज’ हे बसथांब्याचे नाव आहे. शेजारच्या जोगेश्वरीत सहाव्या शतकातले भव्य शैव लेणे आहे. चहूबाजूंनी वस्ती दाटल्याने तेथे पोचायला घराघरांच्या उंबऱ्यांवरून जावे लागते. आत जोगेश्वरी देवीची पूजा आजही चालू असते. पाहुणा खांब, द्वारपाल आणि कोरीव चौकटी पाहत असतो. यजमान त्याला हळूच सांगतो की आपण येथे प्रथमच आलो, हे घरी बोलू नको.

बोरिवलीला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. सुमारे शंभर चौरस किलोमीटरचे हे जंगल महानगराच्या पोटात असून त्यात बिबटे राहतात. मुख्य फाटकापासून कान्हेरी लेणी सुमारे सहा किलोमीटर आत आहेत. सोमवारी उद्यान बंद असते. ही माहिती यजमानाला सोमवारी, फाटकाशी मिळते.

काळ्या दगडात खोदलेली शंभरांहून अधिक लेणी कान्हेरीला आहेत. मोठ्या चैत्यगृहाच्या ओसरीत दोन्ही बाजूंना सुमारे सात मीटर उंचीच्या बुद्धमूर्ती उभ्या आहेत. सर्वसाधारण पाहुणा तेथे फोटो काढून खाली वडापावकडे वळतो. खरे पाहण्यासारखे आहे ते वरच्या बाजूला. तेथे खडकाच्या पृष्ठावर बोटभर रुंदीच्या पन्हळी कोरल्या आहेत. पावसाचे पाणी त्यांतून लेण्याच्या बाजूला खोदलेल्या टाक्यात, म्हणजे पोढीत, उतरते. जवळजवळ प्रत्येक विहाराला स्वतःची पोढी, बसायला दगडी बाक आणि पुढे ओसरी. पाणी वरून येई, पंप नव्हता, टँकर नव्हता, आणि सभासदांनी सर्व संपत्तीचा त्याग केलेला असल्याने मेंटेनन्सच्या थकबाकीवरून भांडण होण्याचा प्रश्न नव्हता. उपनगरातील सर्वांत सुनियोजित गृहसंकुल म्हणून कान्हेरीकडे बोट दाखवावे लागेल. सध्या ताबा माकडांकडे आहे. ती पाहुण्याच्या पिशवीची झडती घेतात व केळी जप्त करतात.

नव्वद क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत. 1009 आणि 1021 साली येथे आलेल्या पारशी मंडळींनी त्यांत आपली नावे, दिवस, महिना आणि वर्ष कोरून ठेवले. प्रेक्षणीय स्थळाच्या भिंतीवर नाव कोरण्याची हौस यावरून किमान हजार वर्षांची ठरते. पारशांचे कोरीवकाम आज अभ्यासाचा विषय आहे. आता कोणी तसे केल्यास तो गुन्हा आहे. हा फरक लेण्याच्या तोंडाशी लोखंडी खिळा घेऊन उभ्या असलेल्या तरुणास समजावून सांगावा लागतो.

दहिसरच्या बाजूला मंडपेश्वर लेणे आहे. सहाव्या शतकाच्या सुमाराचे हे शिवालय पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात चर्च केले व एका शिल्पपटावर क्रूस कोरला. त्यांच्या इमारतीचे अवशेष लेण्याच्या डोक्यावर आहेत. आज खाली महादेवाची पूजा होते, वर पडक्या भिंती आहेत आणि समोरच्या मोकळ्या जागेत मुले क्रिकेट खेळतात. तिन्ही पक्षांत सध्या तंटा नाही.

मालाडहून मार्वेला गेल्यास तेथून मनोरीची बोट मिळते. खाडी ओलांडायला काही मिनिटे लागतात. रस्त्याने जायचे तर भाईंदरला वळसा घालावा लागतो. बोटीत आधी मोटारसायकली चढतात, मग मासळीच्या टोपल्या, मग पाहुणे. टोपलीवाल्या मावशी बोट हलताच पाहुण्याच्या पांढऱ्या पँटकडे एकदा पाहतात आणि टोपली जराशी अलीकडे ओढतात. ती पुरेशी अलीकडे येत नाही. पलीकडे कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांची गावे, नारळ आणि भाताची खाचरे लागतात. हेही बृहन्मुंबईच आहे यावर पाहुण्याचा विश्वास बसत नाही, आणि यजमान लगेच जागेचा भाव विचारायला लागतो. गोराईला 2009 मध्ये खुला झालेला विपश्यना पॅगोडा आहे. त्याच्या घुमटाखाली मध्ये एकही खांब नसून आठ हजार माणसे एकत्र ध्यानाला बसू शकतात. आठ हजार मुंबईकर एका जागी गप्प बसल्याचे दुसरे उदाहरण सापडत नाही.

वसईच्या किल्ल्यासाठी विरार गाडी पकडावी. येथे ती पकडणे न्याय्य असते. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी तो पोर्तुगिजांकडून जिंकला आणि तेथल्या चर्चच्या घंटा महाराष्ट्रातील देवळांत टांगल्या गेल्या. पडक्या चर्चांत आता लग्नापूर्वीचे फोटो काढतात. जोडपी इतकी असतात की एका नवऱ्याच्या फोटोत दुसऱ्याची नवरी येते. मराठी साहित्य संमेलनाच्या 2020 च्या उस्मानाबाद अधिवेशनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईचेच. परतताना सुकेळी घ्यावीत. शेजारचे नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. तेथील स्तूप भगवानलाल इंद्रजींनी 1882 मध्ये उकरला, अशोकाच्या लेखाचा तुकडाही तेथेच मिळाला. सम्राटाचे फर्मान पोचले होते अशा या स्टेशनात आज संध्याकाळच्या गाडीतून उतरणे ज्याला जमते, त्याचे वेगळे कौतुक व्हायला हवे.

मध्य मार्गावरची ठिकाणे मुख्यतः पोटाशी निगडित आहेत. घाटकोपरच्या खाऊगल्लीत डोशावर चीज, भाज्या, सॉस असे थर चढवतात. खाली डोसा आहे हे बिलावरून कळते. ठाण्यात, जिथे 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून देशातली पहिली प्रवासी गाडी आली, तलावपाळीला फेरी मारून मामलेदारची मिसळ खातात. "आमच्याकडे याहून तिखट असते" असे म्हणणारा कोल्हापूरकडचा पाहुणा यजमानाने मुद्दाम तेथे न्यावा. डोंबिवलीत पाहण्यासारखी ती सकाळची फलाटावरची गर्दी. उल्हासनगर फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी वसवले. तेथील मालावरचे ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद यजमान हमखास करतो आणि पाहुणा हमखास जीन्स घेतो. पुढच्या अंबरनाथला 1060 सालचे शिलाहारांचे शिवमंदिर असून त्याच्या बाहेरच्या भिंतींवर हात ठेवायला जागा नाही इतके कोरीवकाम आहे.

हार्बर मार्गावर चेंबूरला राज कपूरचा 1948 सालचा आर. के. स्टुडिओ होता, आता त्या जागी निवासी संकुल आहे. पलीकडे ऐरोलीहून ठाणे खाडीत बोटीने जाऊन हिवाळ्यात रोहित पक्षी पाहता येतात. ते शेकडो मैलांवरून येतात, चिखलात एका पायावर उभे राहतात आणि तक्रार करत नाहीत. नियमित प्रवाशांना त्यांच्याबद्दल विशेष आपलेपणा वाटतो.

वेळेचा विचार केला तर रविवारी ब्लॉक, सोमवारी कान्हेरी बंद आणि इतर दिवशी कामाची गर्दी, असा आठवडा भरतो. तरी एक सोय आहे. सकाळची बहुतेक गर्दी दक्षिणेकडे जाते. चर्चगेटहून सकाळी निघणारी बोरिवली गाडी अंधेरीपर्यंत कचेऱ्यांमुळे भरलेली असते, पुढे मात्र खिडकीची जागा मिळते. संध्याकाळी परत येतानाही तेच. म्हणजे उपनगरे आरामात पाहायची तर दक्षिण मुंबईत राहणे सर्वांत सोयीचे. दक्षिण मुंबईकराने अद्याप या सोयीचा लाभ घेतलेला नाही, कारण बांद्र्याच्या पुढे जायचे तर रात्रीच्या मुक्कामाचे कपडे बरोबर घ्यावे लागतात, अशी त्याची समजूत आहे.