मुलुंडचे सुभेदार

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली, कुठेही जा. जुन्या सोसायटीत एक निवृत्त सुभेदार असतातच. दारावरच्या पाटीत नावापेक्षा 'मराठा लाइट इन्फन्ट्री' ठळक, मिशी अजून सेवेत, आणि १५ ऑगस्टला दोरी ओढताच झेंडा फुलावा अशी गाठ मारण्याची विद्या इमारतीत दुसऱ्या कोणाकडे नाही. त्यांच्याबद्दलचा ठराव सोसायटीने केव्हाच एकमताने मंजूर केला आहे: या माणसाने घराची पलटण करून टाकली. नातवंडांच्या चपला रांगेत, पाहुणे वेळेत, आणि सव्वाआठची फास्ट पकडायची तर सगळे कुटुंब पावणेआठलाच फलाटावर 'फॉलिन'. या ठरावाला माझा विरोध नोंदवून घ्यावा. सुभेदार घरावर हुकमत गाजवतात हा देखावा आहे. प्रत्यक्षात ते घरात उशिरा भरती झालेले रंगरूट आहेत, आणि रंगरुटाने जे करायचे तेच करतात: समोर दिसेल ते काम अंगावर घेतात आणि ते मोठ्या आवाजात करतात.

पुरावा रजेच्या हिशेबात आहे. जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक रजा आणि ३० दिवस कॅज्युअल. सगळी पदरात पडली तरी ९० दिवस, आणि सगळी पडेल याची हमी खुद्द कमांडिंग ऑफिसरही देत नाहीत. २८ वर्षांच्या नोकरीत हे दिवस होतात २,५२०, म्हणजे पुरती सात वर्षेही नाहीत. त्यातून गावची जत्रा, भावकीतली लग्ने, पावसाळ्यापूर्वी परतायची कौले आणि सासुरवाडी वजा करा. उरलेल्या एकवीस वर्षांत शाळाप्रवेश, रेशनकार्ड, गॅसचा नंबर, सासूचे आजारपण आणि या फ्लॅटचे हप्ते कोणी निभावले? पन्नाशीच्या आसपास ट्रंक घेऊन सुभेदार दारात उभे राहिले तेव्हा घराच्या कमांडिंग ऑफिसरची खुर्ची रिकामी नव्हती. तिच्यावर बाई बसलेल्या होत्या, आणि त्यांना बदली नको होती.

यावर जाणकार म्हणतील, पीस स्टेशनला कुटुंब सोबत नेता येते की! येते, पण क्वार्टर मोजकी, नंबर लांब, आणि मिळाले तरी दोन-तीन वर्षांत बिऱ्हाड पुन्हा ट्रकवर. मुले मोठ्या वर्गांत गेली की आई शाळेपाशी ठाण मांडते आणि बाप पुढच्या स्टेशनला एकटाच जातो. त्यामुळे वडिलांना मुलांची इयत्ता पत्रातून कळायची. त्यांची उंची मात्र रजेवर आल्यावरच कळायची.

मग हा माणूस घरात इतका आवाज का करतो? कारण लष्कराने त्याला जे शिकवले त्यात लढाई थोडी आणि घरकाम फार. १९७१ चे युद्ध ३ डिसेंबरला पेटले आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. दोन आठवड्यांत आटोपले. बाकी सगळी वर्षे माणसाने इस्त्री केली, बटणे शिवली, बूट चमकवले, घोंगड्या मोजल्या आणि मोजल्याबद्दल सही केली. अशा माणसाला सोसायटीत पाण्याचा टँकर आलेला दिसला तर तो गॅलरीतून बघत कसा बसेल? तो खाली जातो, वेळ, लिटर आणि गाडीचा नंबर वहीत टिपतो, आणि ड्रायव्हरला हिंदीत झापतो. सुभेदारांचा राग कायम हिंदीत येतो, कारण रागावायची सगळी ट्रेनिंग त्याच भाषेत झाली. टोमणे मारणारी मंडळी त्या वहीमुळे वाचलेले पैसे विसरतात. महिन्याच्या सुरुवातीला कॅन्टीनच्या कार्डावर रमचा कोटा येतो तेव्हा मात्र याच मंडळींची देशभक्ती संध्याकाळी सातला बेल वाजवते.

आवाज बघू नका, निर्णय बघा. आवाज चढतो तो टँकरवर, लिफ्टवर, उशिरा येणाऱ्या पेपरवर. नातीचे स्थळ, गावची जमीन, इमारतीचा पुनर्विकास असला खरा मामला आला की सुभेदार सगळी कागदपत्रे चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचतात आणि शेवटी म्हणतात, "हिला विचारा." ज्याने स्वतः साहेब म्हणवून घेतले, त्याला आपला साहेब कोण हे बरोबर ओळखता येते.

तरी शिस्तीच्या नावाखाली मुलांचा छळ होतो, हा आक्षेप उरतोच. आक्षेप जुना, म्हणून दाखलाही जुना घेऊ. रामजी मालोजी सकपाळ ब्रिटिश लष्करात सुभेदार होते, लष्करी शाळेचे मुख्याध्यापकही. निवृत्तीनंतर साताऱ्याला नोकरी, मग मुंबईत परळच्या चाळीत एका खोलीत संसार. अभ्यासाला शांतता हवी तर ती मध्यरात्रीनंतरच. म्हणून मुलाने, भीमरावाने, लवकर झोपायचे, सुभेदारांनी रात्री दोनपर्यंत जागायचे, मग त्याला उठवून स्वतः आडवे व्हायचे. पुस्तकांना पैसे नसले की ते लग्न झालेल्या लेकींकडून दागिने मागून आणत आणि गहाण टाकत. १९०७ साली मुलगा मॅट्रिक झाला. पुढचा इतिहास देशाला ठाऊक आहे. यात हुकूम किती आणि पहारा किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. दोन वाजता उठणाऱ्याची एक झोप तरी झालेली होती. उठवणाऱ्याची व्हायची होती.

सगळेच सुभेदार रामजी नसतात, हे मान्य. काही नुसतेच खेकसतात. पण रिकामे बसणारा विरळाच. राष्ट्रीयीकृत बँकांत माजी सैनिकांसाठी क वर्गात १४.५ टक्के आणि ड वर्गात २४.५ टक्के जागा राखीव असतात. कित्येकांनी निवृत्तीनंतर तिथे बंदूक घेऊन दाराशी आणखी काही वर्षे काढली आणि धाकट्याची फी भरली. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला देताना ते ज्या ताठ मानेने उभे राहतात, ती रोल कॉलची सवय आहे. रोज द्यायची हजेरी सरकारने वर्षातून एकदाच मागावी, याचा त्यांना थोडा अपमानही वाटतो.

हा नमुना आता फार दिवस मिळणार नाही. २०२२ च्या अग्निपथ योजनेत जवान चार वर्षांसाठी भरती होतो. चौघांतला जास्तीत जास्त एक पुढे कायम होतो, बाकीचे पेन्शनशिवाय परत. चार वर्षांत घर माणसाला विसरत नाही. त्याची गादी, त्याचा चार्जर आणि आईची बोलणी जागच्या जागी असतात, त्यामुळे त्याला घरात नव्याने भरती व्हावे लागणार नाही. आणि म्हणूनच तो टँकरपाशी उभा राहायलाही येणार नाही. कुटुंबाचा यात फायदाच आहे. सोसायटीने मात्र टँकर मोजायला एखादा पगारी माणूस आत्ताच बघून ठेवावा, आणि त्याची मुलाखत सुभेदारांनाच घेऊ द्यावी.