डोळा कुणाचा, पाय कुणाचा

अहो, या ना जरा कुंपणाशी. ऐकलंत का काल रात्रीचा आमच्याकडचा आरडाओरडा? ऐकलाच असेल, तुमची खिडकी उघडीच असते. छे हो, इस्टेटीचं कसलं, तेच ते रूनीचं रेड कार्ड! टीव्हीवर जुनी मॅच लागली आणि आमचे हे नि धाकटे भावजी समोरासमोर. गोष्ट २००६च्या वर्ल्ड कपातल्या इंग्लंड-पोर्तुगाल मॅचची, आणि आमटी गार झाली ती काल.

ह्यांचं म्हणणं, रोनाल्डोनं रेफ्रीचे कान भरले. दोघं एकाच मँचेस्टर युनायटेडचे, आणि वर्ल्ड कपात हा सोबत्याचीच चुगली करायला धावतो? रूनीनं त्याला ढकललं, त्या अर्जेंटिनाच्या एलिझोंडोनं लाल कार्ड काढलं, आणि हा पठ्ठ्या आपल्या बाकाकडे बघून चक्क डोळा मारतो! हो हो, तोच एलिझोंडो. आठच दिवसांनी फायनलला झिदानलाही त्यानंच घरी पाठवलं. तिथे तर म्हणे त्याला स्वतःला काही दिसलंच नव्हतं, चौथ्या पंचानं सांगितलं... तर काय सांगत होते?

हां, भावजी. म्हणाले, "दादा, डोळ्याचं सोड, पाय कुठे पडला ते बघ." आणि तोच तुकडा पुन्हा पुन्हा लावला. पोर्तुगालचा कार्व्हालो आडवा पडलेला, आणि रूनीचा बूट... अहो, कसं सांगू, नको तिथे! सासूबाई जपमाळ घेऊन बसल्या होत्या, त्यासुद्धा "अगं बाई" म्हणून भिंतीकडे वळल्या. ह्यांचा चेहरा असा उतरला म्हणता!

पण गप्प बसतील तर ते हे कसले. लगेच, "तोल गेला त्याचा. दोघं अंगाला झोंबत होते. एप्रिलमध्ये पायाचं हाड मोडलेलं पोर ते!" तेही खरंच आहे म्हणा. त्यात बेकहॅम दुखापतीनं बाहेर, बाकावर बसून रडतोय. मला बाई वाईटच वाटलं.

पुढचं काय, तुम्हाला माहीतच आहे. बासष्टाव्या मिनिटापासून दहा जण, तरी १२० मिनिटं इंग्लंडनं गोल होऊ दिला नाही. मग पेनल्टी. लॅम्पार्ड, जेरार्ड, कॅरागर, तिघांच्याही पोर्तुगालचा गोलकीपर रिकार्डोनं अडवल्या. आणि शेवटची, जिंकून देणारी कुणी मारली? त्यानंच, डोळेवाल्यानं!

"कार्डामुळे हरलो आपण," हे म्हणाले. आपण म्हणे! ह्यांचं आजोळ मिरजेला.

मग मीही पोळ्या लाटता लाटता सुनावलं. म्हटलं, रेफ्री स्वतः सांगून चुकलाय, रोनाल्डोच्या बोलण्याचा काही संबंध नव्हता, पाय बघून कार्ड दिलं. आणि तुमचा लाडका रूनी? पहिल्या हाफमध्ये, रोनाल्डो मुद्दाम पडतो, त्याला यलो द्या, म्हणून तोच मागे लागला होता. त्यानंच नंतर सांगितलंय की! म्हणजे कान भरायला दोघंही तयार, एकाचं कॅमेऱ्यात आलं इतकंच. भावजी पदर नाही म्हणून वाटीमागे हसत होते. ह्यांनी आमटीत मीठ कमी आहे असं काढलं.

इंग्लंडात तरी काय हो शहाणपण होतं! पेपरवाल्यांनी रोनाल्डोचा फोटो डार्टबोर्ड करून छापला. इंग्लंडचा जुना खेळाडू शिअरर टीव्हीवर म्हणाला, रूनी आता प्रॅक्टिसला गेला की ह्याला एक ठेवून देईल. सगळे वाटच बघत होते. आणि झालं काय? ऑगस्टमध्ये सीझनची पहिलीच मॅच, फुलहॅमला पाच-एक. रूनीचे दोन, रोनाल्डोचा एक, दोघांचे गळ्यात गळे! त्या वर्षी लीगही नेली.

आमचे हे मात्र अजून रोनाल्डो दिसला की चॅनेल बदलतात. काल रिमोट भावजींकडे, म्हणून उठून ओट्यावर जाऊन बसले. तुम्हाला दिसले असतील ना? काही बोलले का हो माझ्याबद्दल?