पाहुण्याच्या मापाचं कुशन

सोफा घरातल्या माणसांसाठी नसतो, हे आमच्या लासुर्णे गावात शाळेत न गेलेलं पोरही सांगेल. घरची माणसं खाली सतरंजीवर बसतात आणि सोफ्याला पाठ टेकतात. वर बसायचा मान पाहुण्यांचा, नाहीतर घडी न घातलेल्या कपड्यांचा. तरीही आमच्या सोफ्याची बैठक खचली तेव्हा आत काय भरायचं यावर मत मात्र अख्ख्या घराने दिलं.

कुशनवाल्याने सोफा पडवीत उलटा केला आणि कापड उसवलं. आतून गोणपाट, काथ्या, कंबर मोडलेल्या स्प्रिंगा आणि उसाच्या बिलाची एक जुनी पावती निघाली. अण्णांनी पावती आईच्या आधी उचलून खिशात घातली. त्यावर कुणी चर्चा केली नाही.

आईचा कौल सावरीच्या कापसाला. उन्हाळ्यात सावरीची बोंडं तडकतात तेव्हाचा तो कापूस. तंतू आखूड आणि गुळगुळीत, सूत निघत नाही, म्हणून रवानगी उशीत. तंतू आतून पोकळ, वर मेणाचा थर, त्यामुळे पाण्यात बुडत नाही. एके काळी लाइफ जॅकेटात हाच भरत. "म्हणजे नीरा डावा कालवा फुटला तर आपण सोफ्यावर बसून इंदापूरला!" धाकटा म्हणाला. पण हा कापूस बसून बसून दबतो, आणि पूर्वी दारावर येणारा पिंजारी आता शोधावा लागतो.

अण्णा काथ्याचे. नारळाच्या सोडणाचा, रबराच्या चिकात बसवलेला. हवा खेळती राहते, लवकर खचत नाही. "आन् मानूस बी लई येळ बसत न्हाई," हा त्यांचा मुख्य मुद्दा.

बायकोला फोम हवा होता. "बत्तीसचा टाकू का चाळीसचा?" कुशनवाल्याने विचारलं. अण्णांना तो भाव वाटला आणि त्यांनी सवयीने तीस सांगून टाकले. मग खुलासा झाला: एक घनमीटर फोमचं वजन 32 किलो भरलं, तर तो बत्तीसचा. हा आकडा टिकाऊपणाचा, मऊपणाचा नव्हे. मऊ की कडक ते वेगळं बघावं लागतं.

शेवटी तोडगा सहकाराच्या परंपरेला शोभेल असा निघाला. जागा तीन, गट तीन. प्रत्येकाला एकेक जागा. आता सोयरीक घेऊन येणाऱ्याला सावरीवर बसवतो. भावकीला फोम. सोसायटीच्या निवडणुकीला मत मागायला येणारा आणि उसने मागायला येणारा, दोघांना काथ्या. खोळी तिन्हींना एकाच कापडाच्या, त्यामुळे कुणाला संशय येत नाही.

ही व्यवस्था फक्त वारीत मोडते. तुकोबांची पालखी बेलवडीचं रिंगण उरकून आमच्या रस्त्याने अंथुर्ण्याकडे जाते. चहाला आलेले वारकरी सोफ्याकडे बघतही नाहीत. फरशीवर ऐसपैस पाय पसरतात. त्यांच्यासाठी काय भरावं, हे कुशनवाल्यालाही सांगता आलं नाही.

तुम्ही सोफा भरायला काढलात तर एवढं ऐका: रोजच्या बसण्याला चाळीसचा फोम घ्या, आणि खोळीला चेन लावून घ्या, म्हणजे काढून धुता येते. बाकी लासुर्ण्यावरून जाताना आमच्याकडे चहाला जरूर या. कोणत्या जागेवर बसवलं, त्यावरून किती वेळ बसायचं ते तुमचं तुम्ही समजून घ्या.