तापमानवाले

ओहायोत पोर्ट क्लिंटनच्या धक्क्यावर मासे धरणारे पुष्कळ, पाणी मोजणारा एखादाच. बाकीचे होडीतून उतरता उतरता एकमेकांना 'किती मिळाले?' विचारतात. हा 'किती होतं?' विचारतो.

दोरीला दर तीन फुटांवर लाल गाठ, टोकाला थर्मामीटर. तो ईरी सरोवरात सोडायचा, ओठ हलवत साठ आकडे मोजायचे, सरसर वर ओढायचा, उन्हाकडे पाठ करून चष्मा कपाळावर चढवायचा आणि आकडा वहीत टिपायचा. होडीवरचं यंत्र पाण्याचं तापमान आयतं दाखवतं. पण यंत्राचं काय, ते काहीही दाखवेल!

शास्त्र मात्र चोख. वसंतात पाणी ४२ ते ५० अंश फॅरनहाइट झालं की वॉलआय मासा अंडी घालायला पश्चिमेकडच्या खडकाळ उथळावर आणि मॉमी नदीत येतो. गार पाण्यात मासा सुस्त, म्हणून आमिष त्याच्या तोंडाशी नेऊन हळू नाचवायचं. तरी गळाला लागतात ते बहुतेक नरच; माद्या कामात असतात. उन्हाळ्यात हा पश्चिम भाग भराभर तापतो. सरासरी खोलीच जेमतेम २४ फूट. मग मोठे मासे, साहेबलोक महाबळेश्वरला जायचे तसे, पूर्वेकडच्या गार पाण्याला निघतात. तिथेही ऑगस्टमध्ये वर पाणी कोमट आणि तळाशी प्राणवायूची बोंब. बिचारे मधल्या मजल्यावर राहतात.

एवढं ठाऊक असलेल्या माणसाला मासे मिळायला हवेत. मिळत नाहीत. पण का मिळाले नाहीत, ते तो अर्ध्या अंशापर्यंत सांगतो. "काल त्रेचाळीस होतं. रात्री वारा फिरला, एक्केचाळीसवर आलं. मासा तरी काय करणार?" त्याच एक्केचाळिसात शेजारच्या होडीतलं दहा वर्षांचं पोरगं हातभर मादी वर काढतं. हा मनापासून शाबासकी देतो आणि विचारतो, "नेमकी किती खोलीवर, बाळ?"

"खाली."

असल्या नोंदी तो वहीत घेत नाही.

नोव्हेंबरात रात्री तो क्लीव्हलंडला जातो. पाणी निवलं की वॉलआय शॅड माशांच्या मागे किनाऱ्याला येतो. अंधुक उजेडात शिकार करायची सोय त्याच्या डोळ्यांतच आहे. तापमानवाल्यांच्या नाही, त्यांना पारा वाचायला टॉर्च लागतो. टॉर्च पाण्यावर पडला की धक्क्यावरची मंडळी आधी खाकरतात, मग स्पष्ट बोलतात.

जानेवारीत बर्फ नीट धरला तर त्यालाही भोक पाडून होतं. बर्फाखाली पाणी ३२च्या आसपास असणार, हे शाळकरी पोरही सांगेल. पण मोजल्याशिवाय म्हणायचं कसं?

एकदा मत्स्यखात्याचा माणूस आला. ओहायोत माणशी दिवसाला सहा वॉलआयची मर्यादा. त्याने परवाना पाहिला, मग बर्फाची पेटी उघडायला लावली. आत वही होती, भिजू नये म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली.

"ठीक आहे, सहाच्या आत आहात," म्हणून तो पुढच्या माणसाकडे गेला.