परग्रहाच्या भाकऱ्या

परग्रहावरील बुद्धिमान जीवांच्या शोधात स्वयंसेवक होण्यासाठी लागणारी पात्रता अगदी थोडी आहे. विज्ञानाची आवड हवी आणि उत्तर आले नाही तरी न रागावण्याचा स्वभाव हवा. पत्रिका पाठवून वाट पाहणाऱ्या वधूपित्याच्या अंगी दुसरा गुण अनुभवाने येतो. आकाशाकडे पाहण्याचीही गरज नसते, कारण हा शोध मुख्यतः रेडिओ लहरींतून चालतो.

पहिला पद्धतशीर प्रयत्न फ्रँक ड्रेक यांनी 1960 मध्ये अमेरिकेतील ग्रीन बँक वेधशाळेत केला. 26 मीटर व्यासाची दुर्बीण त्यांनी दोन ताऱ्यांवर रोखली आणि 1420 मेगाहर्ट्झच्या आसपास कान लावला. हायड्रोजनचा अणू याच वारंवारतेवर लहरी सोडतो आणि हायड्रोजन विश्वात सगळीकडे आहे. तेव्हा कोणत्याही शहाण्याला ही जागा ठाऊक असणार, असा तर्क. जत्रेत चुकलेली माणसे शेवटी पारावर भेटतात, त्यातलाच हा प्रकार. पारावर त्या वेळी कोणी आले नाही.

या क्षेत्रात तारे मुबलक आणि पैसे दुर्मिळ, त्यामुळे लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्यांना येथे पहिल्यापासून मान आहे. ओहायोतील ‘बिग इअर’ दुर्बिणीच्या नोंदी तपासणारे जेरी एहमन हे विनावेतन काम करीत आणि छापील कागदांचे गठ्ठे त्यांच्या घरी येत. ऑगस्ट 1977 मधील एका गठ्ठ्यात 72 सेकंदांचा जोरदार संकेत दिसला. एहमन यांनी त्याभोवती लाल वर्तुळ काढले आणि समासात ‘वॉव!’ लिहिले. शास्त्रीय वाङ्मयातील हा बहुधा सर्वांत छोटा शोधनिबंध असावा. तो संकेत पुन्हा कधी मिळाला नाही. 1998 मध्ये दुर्बीणही पाडली गेली. जागा गोल्फच्या मैदानाला हवी होती.

सरकारी आधारही फार टिकला नाही. नासाची शोधमोहीम 1992 मध्ये सुरू झाली आणि 1993 मध्ये अमेरिकी संसदेने तिचा निधी बंद केला.

सामान्य हौशी माणसाला खरी संधी मिळाली 17 मे 1999 रोजी. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने ‘सेटी ॲट होम’ हा प्रकल्प सुरू केला; ‘सेटी’ हे या शोधाचेच इंग्रजी संक्षिप्त नाव. पोर्तो रिको बेटावरील अरेसिबोच्या 305 मीटर व्यासाच्या दुर्बिणीतील नोंदी फितींवर भरून बर्कलीला पाठवल्या जात. ताऱ्यांकडून प्रकाशाच्या वेगाने आलेल्या लहरी पुढचा प्रवास टपालाने करीत. तेथे त्यांची सुमारे 107 सेकंदांची पुडकी बांधून घरोघरच्या संगणकांना इंटरनेटवरून वाटली जात. मालक चहा प्यायला उठला की संगणक कामाला लागे आणि पडद्यावर रंगीत आलेख नाचू लागे. रिकामा न्हावी कुंपणाला तुंबड्या लावी, ही म्हण प्रथमच विद्यापीठाच्या देखरेखीखाली राबवली गेली. पन्नास लाखांहून अधिक लोक त्यात सामील झाले. यातील स्वयंसेवकाचे मुख्य कर्तव्य म्हणजे संगणकाला हात न लावणे.

माणूस मात्र परग्रहवासीयांसाठी जमला तरी शेजाऱ्याशी स्पर्धा सोडत नाही. कोणी किती पुडकी सोडवली याची क्रमवारी लागताच संघ बनले, नवे संगणक विकत घेतले गेले आणि काहींनी खोटी उत्तरेही पाठवली. म्हणून तेच पुडके एकाहून अधिक जणांना देऊन उत्तरे ताडून पाहावी लागत. काहींनी कचेरीतले सगळे संगणक परस्पर या कामाला जुंपले आणि त्यांच्या नोकऱ्या धोक्यात आल्या.

संशय येणारे संकेत पुष्कळ मिळतात. ते बहुतेक पृथ्वीचेच निघतात. ऑस्ट्रेलियातील पार्क्स दुर्बिणीने टिपलेल्या काही गूढ स्पंदांचे उगमस्थान 2015 मध्ये सापडले. ते वेधशाळेतील मायक्रोवेव्ह ओव्हन होते. अन्न गरम होण्याआधीच कोणीतरी दार उघडत असे.

‘सेटी ॲट होम’ने 31 मार्च 2020 रोजी पुडकी वाटणे थांबवले. त्याच वर्षी 1 डिसेंबरला अरेसिबोची दुर्बीण कोसळली. परग्रहवासी मिळाले नाहीत, पण घरबसल्या मदतीची यंत्रणा इतर विज्ञानशाखांनी उचलली. ‘आइन्स्टाइन ॲट होम’च्या स्वयंसेवकांच्या संगणकांनी 2010 मध्ये अरेसिबोच्याच नोंदींतून एक नवा पल्सार, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ स्पंद पाठवणारा तारा, शोधला. 1967 मध्ये पहिला पल्सार सापडला, तेव्हा त्याचे कारण न कळल्याने शास्त्रज्ञांनी गमतीने त्याला ‘छोटे हिरवे मानव’ असे नाव दिले होते. त्या हिशेबाने स्वयंसेवकांच्या हाती एक हिरवा मानव लागला, असे म्हणता येते.