सात गुणांची कला

जालना जिल्ह्यातल्या निवासी शाळांत कला फुलतेय म्हणतात. फुलणारच, इंटरमिजिएट चित्रकलेत ‘ए’ श्रेणी आली की दहावीला 7 गुण वाढतात, ‘बी’ला 5, ‘सी’ला 3. भाव फुटला की माल येतोच, मोंढ्यात विचारा. म्हणून रविवारी अख्खं वसतिगृह निसर्गचित्राला बसतं: दोन डोंगर, मधून सूर्य, खाली दुथडी भरलेली नदी, काठावर नारळ. अंबड-घनसावंगीच्या पोरांनी नारळाची झाडं कुठं पाहिली, विचारू नये. मोसंबी काढली तर परीक्षक झुडूप समजायचा! आणि नदीला पाणी भरपूर द्या. टँकर काढला तर विषय बदलतो.

गॅदरिंगला कोळीगीत असतंच. होडी पुठ्ठ्याची. जाळं तेवढं अस्सल जालन्याचं, बीजोत्पादनाच्या शेडनेटमधून कापलेलं.