रणजीवाले आबा

चाळीसगावात मुंबई इंडियन्सची माणसं आहेत. धोनीच्या नादाने चेन्नईची झालेली आहेत. कोहलीपायी बंगळुरूसाठी उपास धरणारी पोरंही आहेत. पण महाराष्ट्राच्या रणजी संघाचं माणूस शोधायला निघालात, तर सगळं गाव एकाच घराकडे बोट दाखवेल. गावात आबा पुष्कळ, म्हणून यांना रणजीवाले आबा म्हणतात. असा एखादा माणूस पाचोऱ्यात असेल, अमळनेरात असेल, शिरपुरातही असेल. एका गावात दोन मात्र सापडायचे नाहीत.

आबा जिनिंगमध्ये दिवाणजी होते. कापसाचा हंगाम आणि रणजीचा हंगाम एकाच थंडीत येतो, हे त्यांच्या नोकरीचं कायमचं दुखणं. बाहेर काट्यावर गाड्यांची रांग, आणि आत आबा पेपर मागच्या पानापासून उघडून, तळाशी दोन ओळींत कोंबलेला धावफलक डोळे बारीक करून वाचताहेत. त्यांचा चेहरा उतरला की शेतकरी घाबरायचे, "भाव पडला का आबा?" आबा म्हणायचे, "भाव नाही, विकेट."

मुळात खान्देशातल्या माणसाने कुठल्या संघाचं व्हावं, हाच घोळ आहे. राज्य एक, रणजी संघ तीन. मुंबईच्या कपाटात 42 करंडक. भुसावळ सोडून मलकापूर लागलं की विदर्भ; आणि ज्याला कालपर्यंत कुणी खिजगणतीत धरत नव्हतं त्या विदर्भानेही 2017-18, 2018-19 आणि परत 2024-25 असे तीन करंडक नेले. मधल्या पट्ट्याच्या वाट्याला आला महाराष्ट्र. त्याचे करंडक दोन, 1939-40 आणि 1940-41, दोन्ही प्रा. दि. ब. देवधरांच्या कप्तानीतले. महाराष्ट्र नावाचं राज्य झालं 1960 साली. राज्य झाल्यापासून महाराष्ट्राने रणजी एकदाही जिंकलेली नाही. हे वाक्य आबांसमोर बोलू नये. ते स्वतः बोलतात, ती गोष्ट वेगळी.

आबांचं पहिलं दुःख त्यांच्या जन्माआधीचं आहे. डिसेंबर 1948, मैदान पुण्याचं. भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध 443 वर नाबाद. ब्रॅडमनचा विश्वविक्रम 452 चा, म्हणजे दहा धावा काढल्या की झालं. तेवढ्यात काठियावाडवाले "आता पुरे" म्हणून सामनाच सोडून चालते झाले. आबा हे इतक्या तावातावाने सांगतात, की ती मंडळी आत्ताच दोन नंबरच्या प्लॅटफॉर्मवरून गाडीत चढली असावीत आणि पळत गेलो तर सापडतील, असं वाटावं. निंबाळकरांना पुढे एकही कसोटी खेळायला मिळाली नाही, याचा हिशेबही आबा काठियावाडच्याच नावावर मांडतात. 2022 च्या विजय हजारे करंडकात ऋतुराज गायकवाडने उत्तर प्रदेशाविरुद्ध एका षटकात सात षटकार मारले (एक चेंडू नो-बॉल होता, हे आबा न विचारता सांगतात), अंतिम सामन्यातही शतक ठोकलं, आणि तरीही महाराष्ट्र हरला. कुणाकडून? सौराष्ट्राकडून. "काठियावाडच ते," आबा म्हणाले. "पाटी बदलली म्हणून माणसं बदलतात का?"

मात्र 2016 साली काठियावाडवर ढकलायचीही सोय राहिली नाही. वानखेडेवर दिल्लीविरुद्ध स्वप्नील गुगळे आणि अंकित बावणे यांनी 594 धावांची अभंग भागीदारी केली. रणजीच्या इतिहासातली सर्वांत मोठी. संगकारा-जयवर्धनेंचा जागतिक विक्रम 624 चा. आणि तीस धावा राहिल्या असताना डाव सोडला. सोडणारा कर्णधार कोण, तर 351 वर नाबाद असलेला गुगळेच! सामना अनिर्णितच राहिला. माझं मत विचाराल, तर आबांना या दोन्ही गोष्टी पूर्ण झाल्या असत्या तर करमलं नसतं. झालेला विक्रम एकदा सांगून संपतो. दहा धावांनी हुकलेला पिढ्यान् पिढ्या पुरतो.

अंतिम सामन्यांचंही तेच. 1970-71 साली मुंबईचे गावसकर, वाडेकर, सरदेसाई सगळे वेस्ट इंडीजला गेलेले, म्हणजे घर मोकळंच. तरी महाराष्ट्र 48 धावांनी हरला. 1992-93 ला पंजाबकडून. 2013-14 ला कर्नाटकाकडून. त्या शेवटच्या वर्षाने आबांना सगळ्यांत जास्त झुलवलं. केदार जाधवच्या हंगामात 1223 धावा झाल्या, आणि उपान्त्यपूर्व सामन्यात महाराष्ट्राने वानखेडेवर मुंबईला 8 गडी राखून लोळवलं. आबा पेढे घ्यायला गेले.

"नातू झाला का आबा?"

"महाराष्ट्रानं मुंबईला हरवलं."

दुकानदार पेढे तोलता तोलता थांबला. "मुंबई महाराष्ट्रमा नही का?"

यावर आबांनी पाव किलो कमी घेतले.

चार दिवसांचा सामना गल्लीला समजावणं हे तर आणखी कठीण. 2025 च्या ऑक्टोबरात तिरुवनंतपुरमला केरळविरुद्ध महाराष्ट्राचे पहिले तीन गडी बाद झाले तेव्हा संघाची धावसंख्या शून्य होती. मोबाइलवर 0/3 बघून आबांना वाटलं नेट गेलं; त्यांनी फोन बंद करून पुन्हा चालू केला. तोवर 5 वर 4 झाले होते. पण नंतर ऋतुराजने 91 केल्या, डाव 239 पर्यंत ओढला आणि केरळवर वीस धावांची आघाडी मिळवली. सामना संपला त्या संध्याकाळी शेजारच्या पोराने ओट्यावरून विचारलं,

"आबा, कोन जिंकनं?"

"कोनीच नही."

"चार दिन खेळीसन बी कोनीच नही?"

"पहिल्या डावनी आघाडी आपली. तीन पॉइंट भेटनात."

पोरगं गेलं. आबा मात्र गटातल्या बाकी संघांचे गुण मांडत बसले. पाटण चाळीसगाव तालुक्यातलंच. गणिती भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्यांच्या नातवाने तिथे मठ काढल्याचा शिलालेख आहे. सरासरीच्या दुसऱ्या दशांशावरून महाराष्ट्र बाद फेरीत कसा जाईल, हे आबा ज्या श्रद्धेने काढतात, ती त्या मठातूनच आली असावी.

अलीकडे त्यांना इंग्लंडात समदुःखी सापडलेत. सॉमरसेट. गावसकर 1980 साली त्या काउंटीकडून खेळले, तेव्हापासून नाव कानावर होतं. मोबाइल आल्यावर त्यांची कुंडली कळली. 1891 पासून काउंटी चॅम्पियनशिप खेळताहेत आणि विजेतेपद आजवर एकही नाही. 2010 साली तर गुण नॉटिंगहॅमशरएवढेच झाले होते, पण जिंकलेले सामने कमी भरले म्हणून दुसरे. "आपले दोन तरी आहेत," असं म्हणताना आबांच्या तोंडावर जे समाधान येतं, ते पेढ्यांच्या दिवशीही आलं नव्हतं.

वाट बघण्यात चाळीसगावचा हात कुणी धरू नये. स्टेशनजवळच्या घरात केकी मूस हे मोठे छायाचित्रकार राहायचे. 1989 साली गेले. येतो असा शब्द देऊन न आलेल्या कुणासाठी ते रोज रात्रीच्या मेलची वाट बघत, दोघांचं जेवण मांडून ठेवत, असं गाव सांगतं. कुणीतरी आबांची तुलना त्यांच्याशी केली, तेव्हा घरातून माई म्हणाल्या, "मूससाहेबांची गाडी तरी रोज यायची."

आबा स्वतः पुण्याला जातात ते महाराष्ट्र एक्स्प्रेसने. ती मनमाड, नगर, दौंड असं सगळं गावगोत भेटत जाते. गहुंज्याच्या स्टेडियमवर हजारो खुर्च्या आणि आबा. नाशिकच्या गोल्फ क्लबवर, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, जरा गर्दी असते. तिथे त्यांना रणजीवाले भेटतात. कुणी निफाडचा, कुणी मालेगावचा, प्रत्येक जण आपल्या गावातला एकटा. डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा. निंबाळकरांचा विषय निघतो आणि जेवणाच्या सुट्टीतही संपत नाही.

रणजीला सहसा तिकीट लागत नाही. नाशिकला पुढचा सामना लागला, तर अवश्य जा. सावलीच्या बाजूला डबा उघडून बसलेली मंडळी दिसतील. आबा ठेचा आग्रहाने वाढतील, तो घ्या. फक्त "तुम्ही मुंबईचे का हो?" असं विचारू नका.